पेठेतील जुन्या घराचे काम: पाहणीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

कोल्हापूरच्या पेठांमध्ये जुन्या घराचे काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने सुरू होते. आधी मुहूर्त धरून कौले उतरवली जातात, मग शेजारच्या भिंतीला तडा गेला म्हणून वाद होतो, त्यानंतर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचेच नाव असल्याचे लक्षात येते आणि सर्वांत शेवटी नकाशा मंजुरीसाठी धावपळ सुरू होते. तोवर वळवाचे ढग भरून आलेले असतात आणि अर्धवट पाडलेले घर उघड्यावर राहते.

या लेखात डोळ्यांसमोर ठेवलेले घर शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशा भागांत सहज आढळणारे आहे: दगडी जोते, मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या जाड भिंती, तुळया-कडीपाटावरची माडी, वर मंगलोरी कौले, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती आणि पुढे अरुंद बोळ. मोकळ्या प्लॉटवरील बांधकामाचे नियम अशा घराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे आपली भिंत एकट्या आपली नसते आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर ठरतो.

टप्पा १: घराची पाहणी आणि ‘दुरुस्ती की नवे बांधकाम’ हा निर्णय

पाहणी पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताच करावी, कारण ओल कोठून येते ते तेव्हाच दिसते. स्ट्रक्चरल इंजिनिअर सोबत असावा. गवंड्याचा अनुभव मोलाचा असला तरी भार कोण पेलतो याचा हिशेब त्याच्यावर सोडू नये.

प्रथम तुळयांची टोके तपासावीत. लाकूड मधोमध ठणठणीत दिसते आणि भिंतीत शिरते तेथे कुजलेले असते. त्या जागी पेचकस दाबून पाहावा. तो सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ती तुळई निकामी समजावी. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसत असतील तर कडीपाट दोन-तीन ठिकाणी उघडून पाहावा. त्यानंतर प्रत्येक भिंतीला ओळंबा लावावा. भिंत मधेच फुगली असेल, तर आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटल्याची शक्यता असते आणि अशा भिंतीला नुसता गिलावा करून काहीही साधत नाही. तिरके तडे बहुधा पाया खचल्याचे लक्षण असतात, तर जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यातील उभा तडा त्या मानाने कमी धोक्याचा असतो.

जोते, भिंती आणि निम्म्याहून अधिक लाकूड चांगले असेल, तर दुरुस्तीचा विचार मनापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड मातीच्या भिंतीचे घर उन्हाळ्यात थंड राहते. शिवाय जुन्या घराने व्यापलेली सगळी जागा नव्या नकाशात मिळेलच असे नाही, कारण रस्त्यासाठी पुढची काही जागा सोडावी लागू शकते.

*इशारा:* जुन्या मातीच्या भिंतींवर आर.सी.सी. स्लॅब टाकून ‘माडी पक्की’ करण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असते. १० बाय १० फुटांच्या एका खोलीचा स्लॅब जवळपास तीन टनांचा होतो. वासे-रिपांसह कौलारू छपराचे वजन याच्या मानाने कितीतरी कमी असते. ज्या भिंतीने आयुष्यभर कौले पेलली, तिच्यावर हे ओझे टाकू नये. स्लॅब हवाच असेल, तर पायापासून स्वतंत्र कॉलम उभे करावेत.

*दुरुस्ती ठरली असल्यास:* आधी पाणी थांबवावे, मग लाकूड बदलावे आणि गिलावा सर्वांत शेवटी करावा. कौले चाळणे (फुटकी बदलून पुन्हा नीट बसवणे), पन्हळी, भिंतीलगतची गटारे आणि न्हाणीची गळती ही कामे उरकल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे: सिमेंट आतली ओल अडवून धरते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात. तेथे चुन्याचाच गिलावा करावा. केवळ आतील डागडुजीला आणि बाह्यरूपात विशेष फरक न पडणाऱ्या दुरुस्तीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये सूट आहे. मात्र उंची, मजला किंवा घराचा आकार बदलणार असेल तर परवानगी लागते. पुढील टप्पे पाडून नव्याने बांधणाऱ्यांसाठी आहेत. तिसरा टप्पा मात्र दुरुस्ती करणाऱ्यांनीही टाळू नये.

टप्पा २: कागदपत्रे

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा घ्यावा. त्यावरील सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड (ए, बी, सी, डी किंवा ई) घरफाळ्याच्या पावतीशी जुळवून पाहावा. त्यानंतर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, नावे. धारक हयात नसतील तर वारस नोंद आधी करून घ्यावी. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या चुलत्यांची आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावेही पत्रिकेवर येतात, आणि नकाशावर सर्व धारकांच्या सह्या लागतात. पेठेतील घरांचे सर्वाधिक महिने येथेच जातात. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः जाऊन, नव्या घरात कोणाचा कोणता हिस्सा राहील हे नोंदणीकृत कागदावर आणावे. तोंडी शब्दावर स्लॅब टाकू नये.

दुसरी, सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ती नोंद. या रकान्यात ‘ब’ किंवा तत्सम नोंद असेल, तर तिच्या अटी कोणत्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते का, हे नकाशा काढण्यापूर्वीच लेखी विचारावे.

तिसरी, क्षेत्र. पत्रिकेवरील क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुन्या गल्ल्यांमध्ये क्वचितच तंतोतंत जुळते. म्हणून हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि ती घर उभे असतानाच करावी. भिंती पाडल्यानंतर हद्दीच्या जुन्या खुणाच शिल्लक राहत नाहीत.

घरात जुना भाडेकरू असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याला संरक्षण देतो. त्याच्याशी लेखी करार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

*तपासणी:* धारकांची संमती, ताजी मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि घरफाळा भरल्याची पावती, ही चारही कागदपत्रे हातात आल्यावरच आर्किटेक्टला अंतिम नकाशा काढायला सांगावे.

टप्पा ३: शेजाऱ्यांशी बोलणी आणि भिंतीचा पंचनामा

सामाईक भिंतीत आपल्या तुळया एका बाजूने आणि शेजाऱ्याच्या दुसऱ्या बाजूने टेकलेल्या असतात. आपली माडी काढली की त्या भिंतीला आपल्या बाजूने मिळणारा आधार संपतो आणि दोन मजली उंचीची मातीची भिंत एका अंगाने उघडी पडते. ही गोष्ट शेजाऱ्याला आपणहून सांगावी. काम सुरू झाल्यावर त्यांना ती तड्यांवरून कळली, तर पुढचे सारे बोलणे भांडणातच होते.

बोलायला जाताना इंजिनिअरला सोबत न्यावे आणि दोन्ही घरांत मिळून एकाच दिवशी पाहणी करावी. शेजारच्या प्रत्येक खोलीतील आधीचे तडे, ओल, वाकलेल्या चौकटी यांचे तारखेसह फोटो काढून एक यादी करावी, तिच्यावर दोन्ही घरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एकेक प्रत दोघांनी ठेवावी. मोठ्या तड्यांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. काम चालू असताना पट्टी तडकली, तर भिंत हलत आहे हे त्याच दिवशी कळते.

त्याच बैठकीत पुढील मुद्दे लेखी ठरवावेत: भिंत राखायची की दोघांच्या संमतीने काढायची, टेकू शेजाऱ्याच्या बाजूनेही द्यावे लागल्यास ते किती दिवस राहतील, आणि नुकसान झाल्यास दुरुस्ती कोण व किती दिवसांत करील. पागोळ्यांचे पाणी आणि खिडक्या यांचाही विषय येथेच काढावा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार २० वर्षे हक्काने व अखंडपणे मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर शेजाऱ्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. त्यामुळे त्यांच्या जुन्या खिडकीसमोर थेट भिंत उभारण्याचा नकाशा पुढे न्यायालयात अडकू शकतो.

टप्पा ४: नकाशा, पूररेषा आणि परवानगी

अर्ज महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत करावा लागतो. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारावेत: पुढील बोळाची नोंदलेली रुंदी किती, त्यामुळे पुढे किती जागा सोडावी लागेल, आणि विकास आराखड्यात त्या रस्त्याचे रुंदीकरण दाखवले आहे का. ही उत्तरे मिळण्यापूर्वी खोल्यांची स्वप्ने रंगवू नयेत. अंबाबाई मंदिर, भवानी मंडप, बिंदू चौकातील तटबंदी अशा वास्तूंच्या जवळ घर असेल, तर वारसा समितीच्या किंवा पुरातत्त्व विभागाच्या अटी लागू होतात का, हेही लेखी विचारून घ्यावे.

पंचगंगेच्या बाजूच्या भागांत पूररेषा निर्णायक ठरते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. आपली मिळकत कोणत्या रेषेत येते, त्यावर बांधकामाच्या अटी आणि जोत्याची उंची ठरते. राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. मात्र हा बंधाऱ्यावरचा आकडा आहे, आपल्या उंबऱ्यावरचा नव्हे. गल्लीतील भिंतींवर राहिलेली त्या पुराची खूण शोधावी, डंपी लेव्हलने (उंची मोजण्याच्या यंत्राने) ती आपल्या जागेवर आणून घ्यावी आणि विजेचा मीटर, स्विचबोर्ड व जमिनीतील टाकीचे तोंड तिच्या वर राहील अशी रचना करावी. ड्रेनेजच्या जोडणीवर उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा. तो नसेल, तर पुराचे पाणी दारातून येण्याआधी न्हाणी-संडासातून वर येते.

जोत्याची उंची ठरवताना आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या बोळांतील रस्ते डांबराच्या थरांनी वर्षानुवर्षे चढत गेले आहेत. आजच्या रस्त्याला जेमतेम लागून घेतलेले जोते पुढच्या डांबरीकरणानंतर खाली जाते. उंची वाढल्यावर लागणाऱ्या पायऱ्याही आपल्याच हद्दीत बसवाव्या लागतात, बोळात नव्हे.

बांधकाम परवान्याची मुदत एक वर्षाची असते आणि काम लांबल्यास ती वाढवून घ्यावी लागते. बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर असतो. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी खर्चाच्या, स्वतःच्या राहत्या घराला त्यातून सूट आहे.

*इशारा:* घर धोकादायक असल्याची नोटीस आली म्हणजे नव्या बांधकामाला परवानगी मिळाली, असा समज करून घेऊ नये. ती नोटीस धोका दूर करण्यापुरती असते.

टप्पा ५: वेळापत्रक

पाडकाम दिवाळीनंतर, पाया डिसेंबर-जानेवारीत आणि तळमजल्याचा स्लॅब मार्चपर्यंत, असा क्रम धरावा. एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोणत्याही संध्याकाळी येऊ शकतो. परवाना मार्चनंतर हाती आला, तर घर पाडण्याची घाई न करता पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे. भाड्याच्या घराचे काही महिने वाचवण्यासाठी शेजाऱ्याची मातीची भिंत पावसात उघडी टाकणे मला कोणत्याही हिशेबात बसताना दिसत नाही.

बहुतेक बोळांत तयार काँक्रीटची गाडी शिरत नाही. छोटा मिक्सर आणि माल वर नेणारी लिफ्ट धरूनच नियोजन करावे, खडी आणि क्रश सॅन्ड छोट्या टेम्पोने थोडी थोडी आणावी. महाद्वार रोड आणि मंदिराच्या आसपास नवरात्रात, तसेच गणेशोत्सवाच्या दिवसांत माल आत येणार नाही हे गृहीत धरून स्लॅबची तारीख ठरवावी.

टप्पा ६: पाडकाम

१. महावितरणकडून वीजजोडणी अधिकृतपणे बंद करून मीटर काढून घ्यावा. नळाचे आणि ड्रेनेजचे तोंड बंद करावे. घरासमोरून जाणाऱ्या वीजतारांबाबत त्यांच्याकडेच लेखी अर्ज करावा.

२. सामाईक भिंतींना तिरके टेकू माडी शाबूत असतानाच द्यावेत. तुळया काढल्यानंतर टेकू लावणे म्हणजे धोका घडून गेल्यावर काळजी घेणे होय.

३. उतरवण्याचा क्रम वरून खाली असाच ठेवावा: कौले, रिपा व वासे, माडीच्या आतील भिंती, कडीपाट, तुळया आणि मग खालच्या भिंती. चांगले सागवान, दगडी पायऱ्या आणि चौकटी वेगळ्या काढाव्यात. त्यांना उपयोग आणि किंमत दोन्ही आहे.

४. सामाईक भिंतीतील तुळई ओढून काढू नये. ती भिंतीपासून वीतभर अंतरावर कापावी. आतले टोक हळूहळू मोकळे करावे आणि खोबण त्याच दिवशी विटांनी घट्ट भरावी. शेजाऱ्याची तुळई त्याच खोबणीत पलीकडून टेकलेली असेल, तर आपले टोक आतच राहू द्यावे.

५. जेसीबी फक्त राडारोडा भरण्यासाठी वापरावा. सामाईक भिंतीपासून किमान एका खोलीच्या रुंदीचे पाडकाम हातानेच करावे.

६. उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा थर देऊन वरून ताडपत्री बांधावी.

*तपासणी:* दररोज काम थांबल्यावर काचेच्या पट्ट्या पाहाव्यात. एखादी तडकली असेल, तर इंजिनिअर येऊन पाहीपर्यंत काम बंद ठेवावे.

टप्पा ७: पाया

जागा मोकळी झाल्यावर घाईने खड्डे आखू नयेत. जुन्या घरांत बुजवलेला आड, धान्याचे पेव किंवा संडासाचा खड्डा हमखास सापडतो. वडीलधाऱ्यांना जागा विचाराव्यात आणि लोखंडी पहारीने सर्वत्र ठोकून पाहावे. भरावावर कॉलम कधीही उभा करू नये. काळी माती लागली, तर ती पार करून टणक मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जावे. ही माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते.

शेजाऱ्याचा जुना पाया बहुधा उथळ असतो. त्याच्या बाजूने सलग लांब चर खणला, तर त्याखालची माती आपल्या खड्ड्यात सरकते. म्हणून खोदकाम तीन-चार फुटांच्या तुकड्यांत आणि एकाआड एक करावे. एक तुकडा खणून, काँक्रीट भरून तो घट्ट झाल्यावरच शेजारचा तुकडा खणावा. पाण्याने भरलेला खड्डा रात्रभर तसाच ठेवू नये.

हद्दीवरच्या कॉलमचा फूटिंग (कॉलमखालचा रुंद तळ) शेजाऱ्याच्या जागेत जाऊ शकत नाही, त्यामुळे तो एका बाजूला सरकलेला राहतो. अशा फूटिंगला आतल्या कॉलमशी जोडणारा स्ट्रॅप बीम लागतो. नकाशात तो नसेल तर काम सुरू करण्यापूर्वीच इंजिनिअरला विचारावे. ‘गल्लीत सगळ्यांनी असेच केले आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

जोत्याचा भराव मुरुमाचा, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मसने ठोकून करावा. पाडलेल्या घराची पांढरी माती तेथे भरू नये. फरशा खचतात त्या याच कारणाने. जोते पूर्ण झाल्यावर महानगरपालिकेकडून जोते तपासणी प्रमाणपत्र घ्यावे आणि मगच कॉलम वर न्यावेत.

टप्पा ८: सांगाडा आणि स्लॅब

नवे कॉलम जुन्या भिंतीला चिकटवू नयेत. मध्ये इंजिनिअर सांगेल तेवढी फट ठेवावी आणि ती राडारोड्याने भरू देऊ नये. फटीच्या माथ्यावर पत्र्याची झाकण-पट्टी बसवावी आणि ती एकाच घराला पक्की करावी, म्हणजे दोन्ही इमारती थोड्या हलल्या तरी ती फाटत नाही. पेठेतील नव्या घरांमुळे शेजारच्या जुन्या घरात जी ओल येते, ती बहुतेक वेळा या उघड्या फटीतून उतरते.

काँक्रीट ओतण्यापूर्वी सळईखालील कव्हर, म्हणजे सळईला झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी, स्वतः तपासावे: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० मिलिमीटर. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे ठेवू देऊ नयेत. छज्जा आणि गॅलरीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली ती दबते आणि छज्जा पुढे केव्हातरी वाकतो. त्यासाठी तिच्याखाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) द्याव्यात आणि चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात.

एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये. अरुंद जागेत माल लांबून आणावा लागत असल्याने तो सैल करण्याचा मोह मुकादमाला होतोच. मापाची बादली ठरवून द्यावी आणि घरचा एक माणूस दिवसभर मिक्सरजवळ उभा ठेवावा.

स्लॅबवर वाफे करून किमान दहा दिवस पाणी ठेवावे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांपूर्वी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांपूर्वी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत. वरच्या मजल्याचे सेंट्रिंग त्यावर उभे राहणार असेल, तर इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय एकही टेकू हलवू नये.

टप्पा ९: काम पूर्ण करताना

गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून गळती पाहावी आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. पावसाचे पाणी स्वतंत्र पाइपने आपल्याच हद्दीतून खाली उतरवावे. शेजाऱ्यांसोबत पंचनाम्याची यादी पुन्हा वाचावी, ठरलेली दुरुस्ती करून द्यावी आणि ती पूर्ण झाल्याची सही घ्यावी.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास महानगरपालिकेची परवानगी) मिळाल्यावरच राहायला जावे. मंजूर नकाशापेक्षा काही बदल झाला असेल, तर सुधारित नकाशा त्याआधी सादर करावा. त्यानंतर घरफाळ्याची नवी आकारणी करून घ्यावी. मंजूर नकाशा, सळईचे नकाशे, नळ-ड्रेनेजच्या मार्गांचे फोटो आणि शेजाऱ्यांशी झालेले करार एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि त्या फाइलची एक प्रत प्रत्येक धारकाकडे द्यावी.